खानदेशाचा वाटा मागताना

काय करावे

• आधी दार ओळखा. रेल्वे केंद्राची, धरण राज्याचे, गावातले गटार ग्रामपंचायतीचे. कधी एकाच कामाला दोन दारे असतात. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, पण धुळे जिल्ह्यातले भूसंपादन महसूल यंत्रणा करते. तेव्हा एक पत्र खासदारांना, दुसरे जिल्हाधिकाऱ्यांना.

• आकडा तालुक्याचाच मागा. सगळा वाद इथेच अडतो. घटनेच्या कलम ३७१(२) नुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे झाली. खानदेश तिसऱ्यात गेला, पुण्या-मुंबईच्या पंगतीला. तिथली सरासरी काढली की पारोळा, शिंदखेड्याची तहान दिसेनाशी होते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष जिल्हावार मोजला होता; तालुक्याचा आकडा मिळेपर्यंत निदान तो पायंडा तरी सोडू नका. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ती पुन्हा आणायचे राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये ठरवले, पण आदेश राष्ट्रपतींचा लागतो. म्हणून ही मागणी मुंबईइतकीच दिल्लीतही लावून धरा, आणि खानदेशाचे मोजमाप वेगळे व्हावे हे त्याच दमात सांगा.

• जिल्हा नियोजन समितीतला आपला सदस्य गाठा. अध्यक्ष पालकमंत्री असतात, तरी घटनेने किमान चार-पंचमांश जागा जिल्हा परिषद आणि पालिकांतल्या निवडून आलेल्यांसाठी ठेवल्या आहेत. जळगाव जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला तेव्हा गावांचा हा आवाजच तुटला. निवडणुका लांबल्या तर त्याविरुद्ध बोला. तोही विकासाचाच प्रश्न आहे.

• चोपडा, यावल, रावेर, साक्री, शिरपूरमधल्या पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांनी आदिवासी उपयोजनेतल्या ५ टक्के थेट निधीचा हिशेब ग्रामसभेत वाचून घ्यावा.

काय टाळावे

• भूमिपूजनाने हुरळू नका. अमळनेर तालुक्यातले पाडळसे धरण नव्वदच्या दशकात हाती घेतले, आणि त्याची वाट पाहण्यात शेतकऱ्यांची एक पिढी गेली. सुधारित प्रशासकीय मान्यतेची प्रत आणि यंदाची तरतूद तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे मागा.

• करार झाला म्हणजे पाणी आले, असे धरू नका. तापी मेगा रिचार्ज या जलप्रकल्पासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ ला करार झाला. चांगलेच झाले. आता दर वर्षाच्या अर्थसंकल्पात त्यासाठी किती रक्कम आहे, ते बघा.

• नाशिकशी भांडण उकरू नका. गिरणा धरण त्या जिल्ह्यात, त्यावरची शेती जळगावची. आवर्तनाचा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो. तिथे आपले म्हणणे लेखी द्या.

• एका निवेदनात दहा मागण्या कोंबू नका. असा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. एक मागणी, एक कार्यालय, आणि आवक क्रमांकासह पोच.