चपला आत येऊ देत

बाय, काजूच्या कारखान्यात सोलणीच्या हॉलवर सुपरवायझर म्हणून तुला घेतलं हे ऐकून मला किती आनंद झाला, काय सांगू. त्या हॉलमध्ये मी एकोणीस वर्षं काढली. फोनवर तू रेट, ग्रेडिंग, हजेरी सगळं विचारलंस. एक गोष्ट राहिली, ती लिहून पाठवते.

तुझ्यापुढे ओळीनं बसलेल्या बायकांत कुणाला साखर असेल, कुणाला बीपी, कुणाची बोटं आमवातानं सकाळी मिटतच नसतील. त्या तुला काही सांगणार नाहीत. मजुरी किलोवर. आजारी म्हणून नाव पडलं की कमी माल पुढ्यात येईल, हंगाम ओसरला की पहिलं नाव आपलं कापलं जाईल, ही धास्ती. ही धास्ती खोटी नाही गं. मी असं होताना पाहिलंय.

आमच्याकडे एक बाई होती, हाताची फार चलाख. एका दुपारी ती उठून पाणी प्यायला गेली आणि फरशीवर ओल्या लाल टाचेचे ठसे उमटले. मी तिला खाली बसवून पाय उलटा केला. टाचेत काजूच्या टरफलाचा तुकडा रुतला होता, भोवती चिकानं कातडी काळी पडून फोड आला होता. सकाळपासून ती तशीच चालत होती. "कधी लागला ह्या? माका कळलाच नाय," ती म्हणाली. साखर बरीच वर्षं अंगात राहिली की पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. दुखतच नाही, म्हणून जखम चिघळते आणि शेवटी बोट नाहीतर पाऊलही जाऊ शकतं.

आणि ती अनवाणी का होती? नियमामुळे. खाण्याचा माल, म्हणून चपला हॉलच्या बाहेर. नियम बरोबरच आहे. पण आत वापरायचा धुतलेला वेगळा जोड ठेवला तर कुठला नियम मोडतो? तेवढं सुचायला मला तो रक्ताचा ठसा बघावा लागला. तू मालकाकडे सगळ्यांसाठीच जोड माग, फक्त साखरवाल्यांसाठी नको. नाहीतर चपलेवरूनच बाई ओळखू येईल.

आता माझी चूक सांगते. पाय बरा होईपर्यंत मी त्या बाईला पॅकिंगवर बसवलं. पॅकिंगला रोजाची मजुरी, तिच्या किलोच्या कमाईपेक्षा बरीच कमी. मला वाटलं, बसून काम, बरं पडेल. पंधरा दिवसांनी ती यायची बंद झाली. घरी गेले तेव्हा चुलीपुढून न उठता एवढंच म्हणाली, "माका इचारूचा तरी होता." ती परत आली नाही. तेव्हापासून काम बदलायच्या आधी मी विचारू लागले: तुला काय जमेल, किती वेळ, आणि पैशाचं कसं बसवूया? एकीनं उंच स्टूल मागितलं, दुसरीनं खिडकीजवळची जागा. बाकी काही नको होतं त्यांना.

पेजेची वेळ मात्र तुझ्या हातात आहे, ती पाळ. गाडी भरायची आहे म्हणून साडेदहाची पेज बारावर नेऊ नकोस. इन्सुलिन घेऊन किंवा साखरेच्या काही गोळ्या खाऊन आलेल्या बाईची साखर उपाशीपोटी घसरते. दरदरून घाम, हात थरथरणं, बोलताना गोंधळ. साखर मोजली आणि 70 च्या खाली निघाली तर, आणि मोजायला यंत्र नसलं तरीही, लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाज, 15 मिनिटं थांब, बरं वाटलं नाही तर पुन्हा दे. मग पेज. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन. साखरेचा डबा टेबलावर राहू दे, कपाटात कुलुपात नको. हरतालिकेला आणि श्रावणी सोमवारी डोळ्यांत तेल घालून बघ. उपास सोड म्हणून कुणाला सांगू नकोस, ती ऐकणार नाही आणि दुखावेल. "डॉक्टरांना विचारलंस का?" एवढं आधल्या आठवड्यात हळूच विचार.

गोळ्यांच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात रांग असते, दुपार होते. त्या दिवशी खाडा मांडू नकोस, दुपारनंतर येऊन जेवढं सोललं तेवढं लिही. ओरोसला जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचं तर मालवणहून कसालमार्गे जाऊन येईपर्यंत दिवस जातो, ती रजाच. पण आधी सांगितलेली रजा आणि न सांगता मारलेली दांडी यांत वहीत फरक दिसू दे. बायका वही वाचतात, बाय. आजाराचं सांगून एकीचंही नुकसान झालं नाही हे वहीत दिसलं की दुसरी आपणहून येईल. "मला सगळं मोकळेपणानं सांगा" असं भाषण आधी करू नकोस.

जी सांगेल तिचं तुझ्यापाशीच राहू दे. चहाच्या वेळी सगळ्यांदेखत "गोळी घेतलीस काय गो?" म्हणून हाक मारायची नाही. माया म्हणून आपण विचारतो, पण संध्याकाळपर्यंत ते तिच्या वाडीत पोचलेलं असतं.

आणि मालकाला एक विचार: ईएसआयसीत, म्हणजे कामगार विम्यात, नोंद आहे का? नोंद असली आणि हप्ते नियमित भरलेले असले तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के मिळतात. साखरेनं पाय चिघळला किंवा मूत्रपिंडावर गेलं तर लांबच्या आजारांची वेगळी यादी आहे, त्यात आणखी मिळू शकतं, पण त्याला नोकरीची सलग वर्षं मोजतात. माझ्या त्या बाईच्या वेळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. असतं तर पॅकिंगवर बसवण्याऐवजी मी तिला कागद करून दिले असते.

पहिल्या दिवशी लवकर जा. बायका यायच्या आधी झाडू घे आणि बसायच्या पाटांखालची टरफलं स्वतः काढ.