जूनची फी

‘ताई, जूनभर आम्ही नागपूरला आहोत. मग जूनची फी द्यायची नाही ना?’

मेचा तिसरा आठवडा उजाडला की असे निरोप व्हॉट्सॲपवर यायला लागतात. विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. दूधवाला खाडे कापतो, पेपरवाला कापतो, मग गाण्याच्या ताईनं का कापू नयेत? प्रश्न रास्तच आहे. चूक माझी, की इतकी वर्षं मी त्याचं सरळ उत्तर दिलं नाही. ‘बघू या’ म्हणायचं आणि जुलैत मनातल्या मनात कुढत बसायचं. यंदा बोलूनच टाकते.

सोमवारी आणि गुरुवारी साडेपाचची एक जागा तुमच्या मुलीच्या नावानं धरलेली असते. ती आजीकडे गेली म्हणून ती जागा मला महिन्यापुरती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. खोलीचं भाडं, विजेचं बिल, तबल्याच्या साथीला येणाऱ्या दादांचं मानधन, यांतलं काहीच नागपूरला जात नाही. शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीची फी घेते तेव्हा आपण हू की चू करत नाही. मी वर्षाचं काम धरते, सुट्ट्या वजा करते आणि उरलेलं बारा महिन्यांत वाटते. म्हणजे जूनची फी ही जूनच्या तासांची नसतेच. हे मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. आता देते.

वर्ग घरच्या हॉलमध्ये सुरू झाला तेव्हा असं काही लागत नव्हतं. सोसायटीतल्याच चार मुली, पुण्याहून रेल्वेत जवळजवळ मांडीवर आणलेली पेटी, आणि मध्येच कुकरची शिट्टी. मुलं वाढली तशा चपला लिफ्टपर्यंत पोचल्या. गेटवर प्रत्येक मुलासाठी ॲपवर परवानगी द्यायची, म्हणजे आलाप मध्येच सोडून फोनला हात. मग तबल्याच्या आवाजाची तक्रार, मग ‘घरात व्यवसाय चालतो’ अशी नोटीस. शेवटी जवळच्याच सेक्टरमधल्या एका कोठीचा तळमजला भाड्यानं घेतला. त्या दिवशी वर्ग मोठा झाला, असं तुम्ही म्हणालात. मला मात्र भाड्याच्या काळजीनं पहिल्यांदा रात्री झोप लागली नाही.

अशा वेळी मला विष्णू दिगंबर पलुसकर आठवतात. तुलना करत नाही, त्यांच्या पासंगालाही मी पुरणार नाही. कुरुंदवाडचा हा माणूस मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला आणि 5 मे 1901 रोजी थेट लाहोरला त्यानं गांधर्व महाविद्यालय काढलं. कुण्या संस्थानिकाच्या पदरी न राहता, लोकांच्या पैशावर आणि स्वतःच्या जलशांच्या कमाईवर चालणारी गाण्याची शाळा. 1908 मध्ये ते मुंबईत आले. तिथे इमारतीसाठी कर्ज काढलं, ते फिटेना, आणि 1924 मध्ये घेणेकऱ्यांनी इमारत लिलावात काढली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास असे शिष्य ज्यानं घडवले, त्याच्या शाळेची ही गत. विद्या कमी पडली नाही, विद्यार्थीही कमी पडले नाहीत. कमी पडला तो पैसा.

पुढे विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. दीनदयाळ उपाध्याय मार्गावरची ती वास्तू तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे? ऑगस्टमध्ये त्यांचा विष्णू दिगंबर जयंती समारोह असतो. आपल्या दिल्ली मेट्रोच्या ब्लू लाइननं मंडी हाउस गाठलं की फार लांब नाही. मुलांना एकदा घेऊन जा. मॉल कुठे पळून जात नाहीत.

वर्ग आणखी वाढवत का नाही, असं मला नेहमी विचारलं जातं. माझ्याकडे एका तुकडीत सहा मुलं. तासातली पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी मिळून सूर लावायचा, पलटे घ्यायचे. उरलेल्या पंचेचाळीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला सात-साडेसात मिनिटं एकट्यानं गायला येतात. एका बाबांनी मला एक्सेल उघडून दाखवलं, की तुकडीत दहा मुलं घेतली तर फीही कमी करता येईल आणि उत्पन्नही वाढेल. गणित चोख होतं. त्यात फक्त एकट्यानं गायच्या मिनिटांचा रकाना नव्हता. आणि गाणं येतं ते त्या सात मिनिटांत, बाकी वेळ ते नुसतं कानावर पडतं.

आता घरच्या रियाजाचं. रोज अर्धा तास बसवा, असं मी म्हणत नाही. शाळा, होमवर्क, स्केटिंग, अबॅकस यांतून पंधरा मिनिटं निघाली तरी पुष्कळ, पण ती रोज आणि ठरल्या वेळी. तानपुऱ्याचं ॲप लावा, टीव्ही बंद करा. आणि पाहुण्यांसमोर ‘गा ना सोन्या, ते गाणं’ हे कृपा करून थांबवा.

ॲपवरून आठवलं. एक तेरा वर्षांचा मुलगा दोन-तीन वर्षं काळी चारच्या उंच पट्टीत छान गात होता. एका गुरुवारी तार षड्जाला त्याचा आवाज चिरकला आणि पाठच्या दोघी फिसकन हसल्या. पुढच्या सोमवारी तो आलाच नाही. रात्री बाबांचा निरोप: ‘आवाज गेला त्याचा. गिटार लावू म्हणतो.’ आवाज गेला नव्हता, फुटत होता. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज खाली उतरतो. काहींचा हळूहळू, काहींचा धाडकन. मी त्याला परत बोलावलं, आठवड्यातून एक दिवस एकट्यालाच. तार सप्तक पूर्ण बंद. जोर लावायचा नाही, खाली जिथे सहज बसेल तिथे ‘सा’ धरायचा आणि नुसता तो ऐकायचा. तरी प्रगती होईना. चौकशी केली तेव्हा कळलं, घरी ॲप अजून काळी चारवरच होतं! पोरगं रोज त्या उंच सुराला लटकायला बघत होतं. तो सूर आम्ही पायरी-पायरीनं उतरवला. आता तो काळी एकमध्ये गातो, आणि तेव्हा हसलेल्या दोघी त्याचा खर्ज ऐकून गप्प बसतात. म्हणून बारा ते पंधरा वर्षांच्या मुलग्यांच्या आयांना माझं सांगणं, तेवढ्या काळात गाणं बंद करू नका. सूर बदला.

नोव्हेंबरचं तुम्हाला माहीतच आहे. हवा बिघडली, ग्रॅपचे, म्हणजे प्रदूषणावरच्या निर्बंधांचे, टप्पे चढले, शाळा ऑनलाइन झाली की आपणही ऑनलाइन. पण फोनवर मी आणि मूल एकत्र गाऊ शकत नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि माझ्या समेला त्याचा ‘सा’ मागेच असतो. त्यामुळे त्या दिवसांत मी आधी गाते, मग ते गातं. निम्मंच काम होतं. त्यात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं एक सत्र नेमकं नोव्हेंबर-डिसेंबरचं. घसा खरखरतोय आणि परीक्षेला बसायचंय, हे मला पटत नाही. यापुढे लहानांना मी एप्रिल-मेच्या सत्रालाच बसवणार आहे.

परीक्षेची घाईही नको. हिंदी भाषक आया विचारतात, ‘कब तक सीख जाएगी?’ मराठी आया विचारतात, ‘विशारद कधी होईल?’ प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. वर्षाला एक म्हटलं तरी सात वर्षं. दोन परीक्षा एका वर्षात ‘उरकून’ घेणारी ताई हवी असेल तर ती मी नाही.

तर फीचा कागद या आठवड्यात मुलांच्या वहीत घालून पाठवते. वाचा, खटकलं तर फोन करा, भांडा. पण जूनमध्ये नको, आता. ज्या घरात खरंच ओढाताण असेल त्यांनी मला एकटीला सांगावं. त्या कारणानं आजवर कुणाचं गाणं थांबलेलं नाही.

आणि या महिन्यात एकदा, कुठल्याही दिवशी, वर्गात येऊन पूर्ण तास बसा. खुर्ची नाही, सतरंजी आहे. फोन बाहेर चपलांपाशी ठेवा.