गर्भपात आणि मालकाची जबाबदारी

नोकरी अथवा मजुरी करणाऱ्या स्त्रीचा गर्भ अवेळी पडला, तर त्या दुःखाच्या प्रसंगी घरची व कामावरची माणसे बहुधा दोष कोणाचा याचीच चर्चा करू लागतात. वजन उचलले म्हणून, रात्रपाळी केली म्हणून, मुकादमाने बसू दिले नाही म्हणून, अशी कारणे पुढे येतात. त्या स्त्रीला कायद्याने काय मिळावयास हवे, हे विचारावयाचे मात्र राहून जाते. काजूच्या कारखान्यात, मासळीच्या शेडमध्ये, बांधकामावर किंवा कार्यालयात काम करणाऱ्या भगिनींना, तसेच त्यांना सल्ला देणाऱ्या शिक्षकांना व पंचायत सचिवांना, मालकाची जबाबदारी कोठवर आहे याची माहिती असणे अगत्याचे आहे.

कायद्याची वाटचाल

मुंबई कायदेमंडळात १९२८ साली प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेस आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा दिला. लोककल्याण ही प्रामुख्याने शासनाची जबाबदारी असली, तरी स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणारा मालक तिच्या विश्रांतिकाळाच्या भारातून पूर्णपणे मुक्त राहू शकत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ साली तो कायदा संमत झाला. पुढे देशासाठी प्रसूतिलाभ अधिनियम, १९६१ आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली असून, गर्भपातासंबंधीच्या मूळ तरतुदी तीत कायम आहेत. त्या कारखाने, खाणी व मळे यांना, आणि दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या दुकानांना व आस्थापनांना लागू होतात.

कारण न विचारता मिळणारी रजा

गर्भारपणाच्या २६ व्या आठवड्यापर्यंत गर्भ पडल्यास कायदा त्यास गर्भपात मानतो. फौजदारी कायद्याने शिक्षापात्र ठरणारा गर्भपात यातून वगळलेला आहे. गर्भपाताच्या दुसऱ्या दिवसापासून सहा आठवड्यांची रजा सरासरी दैनिक वेतनाच्या दराने मिळते. त्यासाठी गर्भपात झाल्याचा विहित पुरावा पुरेसा असतो. तो कशामुळे झाला हे स्त्रीने सिद्ध करावयाचे नसते. या सहा आठवड्यांत मालकाने तिला कामास लावण्यास मनाई आहे, मग ती स्वतः यावयास तयार असली तरीही. त्यानंतर गर्भपातामुळे आजारपण राहिल्यास आणखी एक महिन्यापर्यंत सवेतन रजेची तरतूद आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील स्त्रीला ही रक्कम विमा महामंडळाकडून मिळते. अशा रजेवर असताना तिला कामावरून काढणे, किंवा तिच्या सेवेच्या अटी तिला तोट्याच्या होतील अशा बदलणे, बेकायदेशीर आहे.

कष्टाच्या कामातून सूट

गर्भपात होऊ नये म्हणूनही कायद्याने एक बंधन घातले आहे. स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे, फार वेळ उभे राहण्याचे किंवा गर्भास अपाय होईल असे काम देता येत नाही. आणि हलके काम दिले या कारणास्तव तिचे वेतनही कापता येत नाही.

परंतु या सूटीचा काळ मर्यादित आहे. प्रसूतीच्या अपेक्षित दिवसाआधीचे सहा आठवडे आणि त्यांच्या लगत आधीचा एक महिना, एवढाच तो काळ होय. गर्भारपण ४० आठवड्यांचे धरल्यास ही सूट सुमारे ३० व्या आठवड्यापासून सुरू होते. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गर्भपाताचा काळ तर २६ व्या आठवड्यासच संपतो. म्हणजे ज्या महिन्यांत गर्भ पडण्याची भीती असते, त्या महिन्यांत हलके काम मागण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही. त्या काळात गर्भारपणामुळे उद्भवलेल्या आजारासाठी मिळणारी एक महिन्याची रजा आणि मालकाचा समंजसपणा यांवरच भिस्त ठेवावी लागते. ही उणीव कामगार संघटनांनी व लोकप्रतिनिधींनी लक्षात घेण्याजोगी आहे.

ताण आणि नुकसानभरपाई

कामावरील मानसिक ताणामुळे गर्भपात झाला म्हणून भरपाई द्यावी, असे स्वतंत्र कलम कायद्यात नाही. कामाच्या ओघात व कामामुळे घडलेल्या अपघाताने इजा झाल्यास भरपाई मागता येते. तेथे मात्र कार्यकारणसंबंध पुराव्याने दाखवावा लागतो. ते सोपे नसते. पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्म्या गर्भपातांचे मूळ गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषात असते. रात्रपाळी, दीर्घ तास व जड ओझी यांनी धोका वाढतो असे अभ्यासांत आढळले असले, तरी एखाद्या विशिष्ट स्त्रीच्या बाबतीत तेच कारण घडले, असे डॉक्टरही सहसा खात्रीने सांगू शकत नाहीत. घरच्यांनी तिला बोल लावू नये, यासही हेच कारण पुरेसे आहे.

काय करावे

गर्भ राहिल्याचे कळताच डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे. हलक्या कामाची विनंती लेखी करावी व तिची प्रत पोचेसह जपून ठेवावी; तोंडी विनंती पुढे नाकारली जाऊ शकते. गर्भपात झाल्यास रुग्णालयाचे कागद सांभाळून ठेवून रजेचा अर्ज द्यावा. मालकाने रजा किंवा वेतन नाकारल्यास श्रम खात्याच्या निरीक्षकाकडे तक्रार करावी. रोजंदारीवर आहोत म्हणून आपणास हक्क नाही, असे कोणी समजू नये. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदार स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली त्यांनाही प्रसूतिलाभ मिळालाच पाहिजे, असा निर्णय दिला आहे.

अक्षरओळख नसलेल्या भगिनीचा अर्ज गावातील शिक्षकाने लिहून दिला, आणि तो घेऊन आलेल्या स्त्रीला अधिकाऱ्याने कचेरीत ताटकळत ठेवले नाही, तर कायद्याने देऊ केलेले सहा आठवडे तिच्या पदरात खचित पडतील.