गळाला काय लागते? : संगणकीय मासेमारी आणि दुर्मिळतेचे गणित

सुट्टी संपवून वसतिगृहात परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात अलीकडे मोबाइलवरील खेळांचा विषय हमखास असतो. त्यांतील कित्येक खेळांत मासेमारी आहे. कोणाच्या गळाला खजिना लागलेला असतो, कोणाच्या गळाला नुसते फाटके जोडे. ज्याला जोडे मिळाले तो म्हणतो, "सर, माझे नशीबच तसे." इतिहास शिकविणाऱ्याने गणिताच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. 'नशीब' हा शब्द विद्यार्थ्याच्या तोंडी इतक्या सहजपणे येऊ लागला, की तो विषय केवळ गणिताचा राहत नाही, एवढेच आमचे उत्तर आहे.

उदाहरण म्हणून आम्ही 'माइनक्राफ्ट' हा खेळ घेतो. स्वीडनमध्ये तयार झालेल्या या खेळाची पूर्ण आवृत्ती 2011 साली प्रसिद्ध झाली. यात गळ पाण्यात टाकल्यावर साधारण 5 ते 30 सेकंद थांबावे लागते; मग तरंगणारी खूण बुडते आणि गळ ओढायचा असतो. पाण्यात पोहताना दिसणाऱ्या माशांचा या गळाशी काही संबंध नसतो. काय मिळणार हे संगणक एका यादृच्छिक अंकावरून ठरवितो. साध्या गळासाठी त्याचे प्रमाण असे आहे : 100 पैकी 85 वेळा मासा, 10 वेळा कचरा आणि 5 वेळा खजिना. मासा ठरला, तर तो कोणता यासाठी पुन्हा निवड होते. तेथे 100 पैकी 60 वेळा कॉड, 25 वेळा सामन, 13 वेळा फुगणारा पफरफिश आणि केवळ 2 वेळा रंगीत उष्णकटिबंधीय मासा. म्हणजे हा रंगीत मासा एकूण 100 प्रयत्नांत दोनदाही मिळत नाही. 85 टक्क्यांचे 2 टक्के, म्हणजे 1.7. 'मासा' या सामान्य नावाखाली असलेली ही वस्तू 'खजिना' या भारदस्त नावाखालच्या समूहापेक्षा दुर्मिळ आहे. नावावरून दुर्मिळता ठरवू नये, हे मुलांना येथेच कळते.

वर्गात यासाठी संगणक लागत नाही. 20 सारख्या चिठ्ठ्या घ्याव्यात. 17 वर 'मासा', 2 वर 'कचरा' आणि एकीवर 'खजिना' लिहावे. डबा हलवून एक चिठ्ठी काढावी, नोंद करावी आणि ती परत डब्यात टाकावी. परत टाकणे हाच या प्रयोगाचा प्राण आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने 20 वेळा चिठ्ठी काढल्यावर सर्वांना एकेकदा खजिना मिळेल, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तसे होत नाही. एका वेळी खजिना न मिळण्याची संभाव्यता 0.95, ही संख्या 20 वेळा स्वतःशी गुणली की सुमारे 0.36 येते. म्हणजे 100 विद्यार्थ्यांनी हा प्रयोग केला, तर साधारण 36 जण रिकाम्या हाताने बसतील. 60 वेळा चिठ्ठी काढूनही शंभरात चार-पाच जण तसेच राहतील. त्या चार-पाच जणांत काही उणे नसते आणि ज्याला पहिल्याच फेरीत दोनदा खजिना मिळाला, त्याच्या हातात काही विशेष नसते. इतक्या मुलांत कोणी ना कोणी तसे निघणारच; कोण निघेल एवढेच आधी सांगता येत नाही.

"वीस वेळा नाही मिळाला, आता एकविसाव्या वेळी मिळालाच पाहिजे," असे म्हणणारा विद्यार्थी प्रत्येक तुकडीत भेटतो. त्याला डबा उघडून दाखवावा. आत अजूनही 20 चिठ्ठ्या आहेत आणि खजिन्याची एकच आहे. डब्याला मागचे काही आठवत नाही. एकविसाव्या वेळीही संभाव्यता 5 टक्केच. फ्रान्समधील पास्काल आणि फर्मा या दोन गणितज्ञांनी 1654 साली जुगाराच्या डावासंबंधी परस्परांना पत्रे लिहिली आणि या शास्त्राचा पाया घातला. त्यापूर्वी फासे टाकणारे हजारो वर्षे होते. मात्र फाशांमागे दैवी इच्छा पाहणाऱ्यांना त्यांचा हिशेब मांडावासा वाटला नाही.

खेळातील गळावर दोन प्रकारचे संस्कार करता येतात आणि मुले त्यांत नेहमी गल्लत करतात. एकामुळे थांबण्याचा वेळ प्रत्येक पायरीस 5 सेकंदांनी कमी होतो. मिळणाऱ्या वस्तूंचे प्रमाण तसेच राहते. दुसऱ्यामुळे प्रमाण बदलते. त्याच्या तिसऱ्या पायरीवर खजिन्याचा वाटा 5 वरून सुमारे 11 टक्क्यांवर जातो. पहिल्याने डब्यात हात अधिक वेळा घालता येतो, दुसऱ्याने डब्यातील चिठ्ठ्या बदलतात. दोन्हींना 'नशीब उजळणे' म्हणणाऱ्याला दोन्हींपैकी काहीच समजलेले नसते.

आता अगदी वेगळ्या जातीची दुर्मिळता पाहू. 2002 साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पोकेमॉन रुबी' आणि 'सफायर' या खेळांत फीबास नावाचा एक मलूल दिसणारा मासा आहे. पुढे त्याचे रूपांतर एका देखण्या जलचरात होते, म्हणून त्याला मागणी. तो मिळतो केवळ एका नदीत आणि त्या नदीतील शेकडो चौकोनांपैकी फक्त 6 चौकोनांत. बाकीच्या चौकोनांत वर्षभर गळ टाकला तरी संभाव्यता शून्यच. योग्य चौकोनावर मात्र ती 50 टक्के आहे! खेळातील एका गावात लोकांच्या तोंडी असलेला परवलीचा शब्दप्रयोग बदलला, की ते 6 चौकोनही बदलतात.

येथे मागील अपयशाला अर्थ येतो. चौकोन योग्य असता, तर ओळीने 3 वेळा फीबास न मिळण्याची संभाव्यता 8 त 1 आणि 5 वेळा न मिळण्याची 32 त 1. म्हणून तीन-चार प्रयत्नांनंतर शहाणा खेळाडू पुढच्या चौकोनाकडे सरकतो. चिठ्ठ्यांच्या डब्याबाबत अपयश काहीच शिकवीत नव्हते, कारण डब्यात काय आहे हे आपल्याला आधीच ठाऊक होते. नदीत ते शिकविते, कारण आपण कोठे उभे आहोत हेच ठाऊक नसते. डब्यापुढे धीर धरावा. चुकीच्या चौकोनावर धीर धरणे हा निव्वळ वेळेचा नाश होय. कारण असेल तर कार्य, कारण नसेल तर कार्यही नाही, हा तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा विचार ज्या मुलांना पाठ आहे पण उमगलेला नाही, त्यांना तो या नदीकाठी चटकन उमगतो, असा आमचा अनुभव आहे.

इतिहासाच्या तासाला आम्ही हाच भेद वापरतो. 1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा अस्पृश्य समाजात ती इतकी दुर्मिळ घटना होती की सत्कारसभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ही दुर्मिळता डब्यातील चिठ्ठीची की नदीतील चौकोनाची, असा प्रश्न आम्ही नववीच्या वर्गाला विचारतो. पहिल्यांदा 'लाखात एक' असे उत्तर येते. मग कोणीतरी विचारते, "सर, बाकीच्यांना शाळेत बसू तरी देत होते का?" त्यानंतरचा तास आम्हांला फारसा शिकवावा लागत नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. माइनक्राफ्टच्या खजिन्यात 6 वस्तू समान प्रमाणात आहेत असे धरू. त्या सहाही जमविण्यास सरासरी किती खजिने लागतील? सहा नव्हे, 14.7. पहिली नवी वस्तू लगेच मिळते, पण शेवटच्या एकीसाठीच सरासरी 6 खजिने खर्ची पडतात. तेथे फक्त वेळ जातो. जपानमधील काही मोबाइल खेळांनी मात्र हीच युक्ती पैशांवर चालविली : प्रत्येक सोडतीस पैसे, आणि संच पूर्ण झाला तरच मोठे बक्षीस. एकच वस्तू उरली की मुलांना वाटे, आता थांबणे मूर्खपणाचे. 2012 साली जपानच्या ग्राहक व्यवहार विभागाने हा प्रकार बेकायदेशीर ठरविला. चीनने 2017 पासून अशा सोडतींची संभाव्यता जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक केले.

सरावासाठी एक उदाहरण देतो. एका खेळात 10 चित्रांचा संच आहे. प्रत्येक सोडतीस 20 रुपये पडतात आणि दहाही चित्रे निघण्याची संभाव्यता समान आहे. एका मुलाकडे 9 चित्रे जमली आहेत आणि तो म्हणतो, "आता फक्त वीस रुपयांचे काम उरले." (अ) दहावे चित्र मिळविण्यास त्याला सरासरी किती रुपये लागतील? (आ) आणखी 10 सोडती करूनही ते न मिळण्याची संभाव्यता किती? (इ) त्याच्या आईने त्याला कोणता प्रश्न विचारावा?