पंच चुकला, तर सामना पुन्हां खेळवावा काय?

फुटबॉलचा सामना अटीतटीचा झाला आणि एका गोलानें निकाल लागला, म्हणजे हरलेल्या पक्षाचे लोक मैदानांतून बाहेर पडतांना बहुधा एकाच विषयावर बोलत असतात. तो विषय म्हणजे पंचाची चूक. जिंकलेल्या पक्षाचे लोक तिचें नांवहि काढीत नाहींत. आपल्या शाळाशाळांच्या सामन्यांत हें दरवर्षीं दृष्टीस पडतें, व जगांतील मोठमोठ्या सामन्यांतहि याहून निराळें कांहीं घडत नाहीं. परंतु 'पंच चुकला' हे शब्द या वादांत इतक्या निरनिराळ्या अर्थांनीं वापरले जातात कीं, दोन माणसें तासभर भांडूनहि एकमेकांचें म्हणणें खोडूं शकत नाहींत. हे अर्थ वेगळे काढून दाखवावे, एवढाच आमचा हेतु आहे. त्यासाठीं आम्हीं एक सामना मुख्य धरिला आहे, व त्याच्या जोडीस दुसरे दोन तीन घेतले आहेत.

इ. स. २०१० सालीं दक्षिण आफ्रिकेंत विश्वचषकाच्या स्पर्धा भरावयाच्या होत्या. युरोपांतील राष्ट्रांपैकीं जीं आपापल्या गटांत पहिलीं आलीं, त्यांचा प्रवेश निश्चित झाला. दुसऱ्या क्रमांकाच्या आठ राष्ट्रांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडींत दोन सामने ठेवण्यांत आले. एक सामना एकाच्या घरीं, दुसरा दुसऱ्याच्या. दोहोंची बेरीज करून ज्याचे गोल अधिक तो आफ्रिकेस जाणार. यासच 'प्ले-ऑफ' म्हणतात. फ्रान्स व आयर्लंड यांची जोडी लागली. १४ नोव्हेंबर २००९ रोजीं डब्लिन शहरीं क्रोक पार्कच्या मैदानावर फ्रान्सनें एक गोल करून पहिला सामना जिंकला. चार दिवसांनीं, १८ नोव्हेंबर रोजीं, पॅरिसजवळील 'स्ताद द फ्रान्स' येथें दुसरा सामना झाला. त्यांत आयर्लंडचा कप्तान रॉबी कीन यानें पूर्वार्धांतच गोल चढविला. त्या दिवशीं आयर्लंड फ्रान्सहून सरस खेळला, असें फ्रेंच लोकांनींहि पुढें मान्य केलें. नव्वद मिनिटें संपलीं तेव्हां दोन्ही सामने मिळून बरोबरी झालेली होती. म्हणून तीस मिनिटांचा जादा खेळ सुरू झाला.

त्या जादा खेळांत, एकशें तिसऱ्या मिनिटास, फ्रान्सला फ्री किक मिळाली. चेंडू उंचावरून आयर्लंडच्या गोलासमोर आला. तो कोणाच्या हातीं न लागतां रेषेबाहेर जाणार, असा रंग दिसत होता. तोंच फ्रान्सचा कप्तान थिएरी ऑन्री यानें तो डाव्या हातानें अडविला, पुन्हां एकदां हातानेंच जाग्यावर आणिला, व पायानें गोलासमोर टोलविला. विल्यम गालास यानें डोक्यानें मारून गोल केला. आयर्लंडचा गोलरक्षक शे गिव्हन हात उंचावून पंचाकडे धांवला. त्याचे सोबतीहि धांवले. स्वीडनचे पंच मार्टिन हान्सन यांनीं गोल कायम केला. दोन्ही सामन्यांची बेरीज दोन विरुद्ध एक अशी झाली, आणि आयर्लंड स्पर्धेबाहेर गेला.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. हान्सन यांच्या व ऑन्रीच्या मध्यें खेळाडूंची दाटी होती. रेषेवरील मदतनिसासहि हात दिसला नाहीं. जें दिसलें नाहीं त्याची शिट्टी पंचानें वाजवावी तरी कशी? पण ज्या क्षणीं मैदानावरील पंच अंधारांत होते, त्याच क्षणीं लक्षावधि लोक आपापल्या घरीं बसून तोच हात पडद्यावर पुनःपुन्हां पाहत होते. पूर्वीच्या काळीं हरलेला पक्ष नुसतें सांगत असे कीं हात लागला. येथें तो दाखवीत होता. सामना संपल्यावर खुद्द ऑन्रीनेंहि हात लागल्याचें नाकारलें नाहीं. मात्र पंच आपण नव्हतों, अशी पुस्ती त्यानें जोडली.

पुढचे दिवस आयर्लंडमध्यें दुसरा विषय नव्हता. तेथील फुटबॉल संघटनेनें सामना पुन्हां खेळवावा अशी मागणी केली. न्यायमंत्र्यांनीं तिला पाठिंबा दिला. पंतप्रधान ब्रायन कोवेन यांनीं ब्रसेल्स येथें फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांच्यापाशीं गोष्ट काढली. सार्कोझींनीं खेद प्रगट केला, पण पंचाच्या जागीं आपणांस बसवूं नका, असें त्यांचें उत्तर पडलें. जागतिक फुटबॉल संघटनेनें, म्हणजे फिफानें, मागणी नाकारली. तेव्हां ऑन्रीनें पुन्हां जाहीर केलें कीं, सामना पुन्हां खेळणें हाच न्याय्य मार्ग होय. पण निर्णय आधींच झाला होता. बत्तीस संघांच्या स्पर्धेंत आम्हांस तेहेतिसावा संघ म्हणून घ्या, अशीहि विनंति आयर्लंडनें करून पाहिली. तीहि व्यर्थ गेली.

दोन्ही पक्षांच्या प्रेक्षकांचा वाद ऐकण्याजोगा होता. आयर्लंडचे लोक म्हणत: हात लागला हें सर्व जग पाहतें, खेळाडू स्वतः कबूल करतो, मग निकाल खोटा ठरवावयास आणखी कोणता पुरावा हवा? त्यांवर उलट उत्तर असें येई कीं, याच पात्रता-स्पर्धेंत, फेब्रुवारी २००९ मध्यें, जॉर्जियाविरुद्ध आयर्लंड एका गोलानें मागें असतां पंचानें हस्तस्पर्शाबद्दल त्यास पेनल्टी दिली होती. ती देण्याजोगी नव्हती, असेंच बहुतेकांचें मत पडलें. तिच्यावर बरोबरी झाली आणि पुढें आयर्लंड जिंकला. तेव्हां सामना पुन्हां खेळा, असें डब्लिनांत कोणी म्हटलें नाहीं! ही आठवण करून देणाऱ्यांत आयर्लंडचाच माजी कप्तान रॉय कीन होता. आपल्या बचाव करणाऱ्या गड्यांनीं तो चेंडू आधींच कां दूर केला नाहीं, असेंहि त्यानें विचारलें. त्याचे बोल कडू लागले, पण खोटे नव्हते. तथापि जॉर्जियाच्या सामन्यांत आपणांस लाभ झाला म्हणून पॅरिसमधील अन्याय न्याय होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. एका चुकीनें दुसरीची फेड होते, हा हिशेब प्रेक्षकांच्या वादांत फार चालतो. आम्हांस तो मान्य नाहीं, कारण जॉर्जियाचें जें गेलें तें फ्रान्सच्या पदरांत टाकून कोणाची भरपाई झाली?

मग फिफानें मागणी नाकारली ती कोणत्या आधारावर? फुटबॉलच्या नियमांत पांचवा नियम पंचाविषयीं आहे. खेळांत जें घडलें त्याच्या वस्तुस्थितीसंबंधानें पंचाचा निर्णय अखेरचा, असें तो सांगतो. गोल झाला कीं नाहीं, हात लागला कीं नाहीं, या वस्तुस्थितीच्या गोष्टी होत. खेळ पुन्हां सुरू होईपर्यंत पंचास आपला निर्णय बदलतां येतो. मागाहून तो स्वतःहि बदलूं शकत नाहीं, मग दुसरा कोण बदलणार? नियम कठोर आहे खरा. परंतु तो नसता तर काय झालें असतें, याचाहि विचार करावा. प्रत्येक सामन्यांत पंच शेंकडो निर्णय देतो. त्यांतील एकेक उकरून काढण्याची मुभा ठेविली, तर सामना मैदानावर संपणार नाहीं. तो कचेरींत संपेल, आणि ज्याचा वकील चांगला तो जिंकेल.

तरी पण विश्वचषकाच्या पात्रतेचा एक सामना फिफानें खरोखरच पुन्हां खेळविला होता, आणि आयर्लंडच्या संघटनेनें त्याचाच दाखला दिला. ३ सप्टेंबर २००५ रोजीं ताश्कंद येथें उझबेकिस्तान व बहरीन यांचा असाच प्ले-ऑफचा सामना झाला. उझबेकिस्तान एका गोलानें पुढें असतां त्यास पेनल्टी मिळाली, व तिच्यावर गोलहि झाला. पण किक मारण्यापूर्वींच उझबेकिस्तानचाच एक गडी निषिद्ध क्षेत्रांत शिरला होता. अशा वेळीं तेव्हांचा नियम स्पष्ट होता: गोल रद्द करून किक पुन्हां मारावयास लावावी. पंचानें गोल रद्द केला हें ठीक. पण किक पुन्हां न देतां त्यानें बहरीनला फ्री किक दिली. येथें डोळ्यांची चूक नव्हती. गडी आंत शिरलेला पंचानें अचूक पाहिला. त्यावर कोणता नियम लावावा, एवढेंच तो विसरला. उझबेकिस्ताननें तो सामना १–० असा जिंकला होता, तरी तक्रार त्यानेंच केली, आणि ३–० असा विजय आपणांस द्यावा अशी मागणी केली. फिफानें पंचाची चूक मान्य केली, आणि सामनाच रद्द करून पुन्हां खेळावयास सांगितलें! ८ ऑक्टोबरला ताश्कंद येथें १–१ अशी बरोबरी झाली. बहरीनमधील दुसरा सामना गोलाविना सुटला. आणि परक्या मैदानावर केलेल्या एका गोलाच्या बळावर बहरीन पुढें गेला. उझबेकिस्ताननें न्याय मागितला, तो त्यास मिळाला, आणि हातची जीत मात्र गेली.

या दोन सामन्यांत जो भेद आहे, तोच आमच्या विषयाचें मर्म आहे. पॅरिसमध्यें पंचास वस्तुस्थिति दिसली नाहीं. ताश्कंदला वस्तुस्थिति दिसली, पण नियम चुकला. न्यायाधीशास खोटा साक्षीदार खरा वाटणें वेगळें, आणि त्यानें कायद्याचें कलमच चुकीचें लावणें वेगळें. आयर्लंडचा दाखला म्हणूनच लागू पडला नाहीं. जानेवारी २०१० मध्यें ऑन्रीला शिक्षा करण्यासहि नियमांत आधार नाहीं, असें फिफाच्या शिस्त-समितीनें ठरविलें. येथवर सारें नियमाप्रमाणें झालें. परंतु २०१५ सालीं असें उघड झालें कीं, कोर्टकचेरी टाळण्यासाठीं फिफानें आयर्लंडच्या संघटनेस ५० लक्ष युरो दिले होते. फिफाच्या सांगण्याप्रमाणें तें क्रीडागारासाठीं कर्ज होतें व पुढें माफ केलें. परंतु आपला निर्णय निर्दोष आहे अशी ज्याची खात्री आहे, तो गुपचूप पैसे कशाला मोजील?

सामना पुन्हां खेळण्याचा तिसराहि एक मार्ग आहे. त्यास पंचाची चूक लागतच नाहीं. फेब्रुवारी १९९९ मध्यें इंग्लंडांत आर्सेनल व शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यांत जखमी गड्यासाठीं शेफील्डनें चेंडू मुद्दाम बाहेर घातला. तो परत देण्याचा रिवाज असतां आर्सेनलच्या नव्या खेळाडूनें तो धरून पुढें दिला व गोल झाला. नियमाचा भंग नव्हता. पंचास गोल द्यावाच लागला. आर्सेनलचे शिक्षक आर्सेन वेंगर यांनीं आपण होऊन सामना पुन्हां खेळण्याची तयारी दाखविली, व दहा दिवसांनीं तो खेळला गेला. निकाल पुन्हां २–१ असाच, आर्सेनलच्या बाजूनें लागला.

आपल्या देशांतील अशा वादाचें उदाहरण म्हणजे ३ मार्च २०२३ रोजीं बंगळूर येथें झालेला बंगळूर व केरळ ब्लास्टर्स यांचा इंडियन सुपर लीगमधील प्ले-ऑफ. जादा खेळाच्या आरंभींच बंगळूरला फ्री किक मिळाली. केरळचे गडी भिंत रचीत होते, गोलरक्षक जागेवर नव्हता. तेवढ्यांत सुनील छेत्री यानें चेंडू जाळ्यांत टाकला. पंचानें गोल दिला. केरळच्या शिक्षकांनीं आपला संघच मैदानाबाहेर बोलाविला, आणि सामना बंगळूरनें जिंकल्याचें जाहीर झालें. शिट्टीपूर्वीं किक मारली, हें केरळच्या लोकांचें गाऱ्हाणें होतें. पण फ्री किक झटपट मारण्यास शिट्टीची गरज नसते. मारणाऱ्यानें भिंत मागें हटविण्याची मागणी केली व पंचानें थांबण्याची खूण केली, तरच शिट्टीची वाट पाहावी लागते. शिट्टी व भिंत नको असें आपण पंचास सांगितलें होतें, असें छेत्रीचें म्हणणें. भारतीय संघटनेनें तक्रार फेटाळली. उलट मैदान सोडल्याबद्दल केरळच्या संघास चार कोटि रुपये दंड व शिक्षकांस दहा सामन्यांची बंदी झाली. पंचाच्या चुकांविषयींचे पुष्कळसे वाद या जातीचे असतात: चूक पंचाची नसते, प्रेक्षकांस नियम ठाऊक नसतो.

मार्च २०१८ मध्यें फुटबॉलच्या नियमांत पडद्यावर पाहून साह्य करणाऱ्या पंचास स्थान मिळालें, व त्याच वर्षीं रशियांतील विश्वचषकांत तो प्रथम बसला. गोल, पेनल्टी, थेट लाल पत्र, आणि चुकीच्या गड्यास दिलेली शिक्षा, एवढ्या चारच बाबतींत त्यास तेव्हां बोलतां येत असे; तेंहि चूक स्पष्ट व उघड असेल तर. तेव्हांपासून चूक 'स्पष्ट' कोणती व 'उघड' कोणती, यावर प्रेक्षक भांडूं लागले आहेत. पॅरिसमध्यें मात्र त्या शब्दांवर कोणाचेंच दुमत झालें नसतें. गोल रद्द होऊन आयर्लंडला फ्री किक मिळाली असती, आणि दोन्ही सामने मिळून बरोबरी असतां सतरा मिनिटांचा खेळ उरला असता. आफ्रिकेस जाण्यासाठीं आयर्लंडला तेव्हांहि आणखी एक गोल करावा लागला असता, नाहीं तर पेनल्टींवर जिंकावें लागलें असतें.