‘ट्रेनिंग झालं ना तुमचं?’

प्रस्तुत लेखक नाशिक जिल्ह्यातल्या नामपूरचा. मोसमकाठच्या कांद्याच्या शिवारातून निघून भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केलेला. एका खासगी कॅन्सर रुग्णालयात तो मेडिकल फिजिसिस्ट आणि आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) होता. रुग्णालयाचं नाव इथे देत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

नवा लिनॅक (किरणोपचाराचं मशीन) आला, कंपनीचा माणूस शिकवायला आला. जुन्या मशीनवर पेशंट मात्र सुरूच. त्यामुळे फिजिसिस्ट दिवसभर तिकडे आणि ट्रेनिंग संध्याकाळी, उरल्यासुरल्या वेळात. स्टिरिओटॅक्टिकचा भाग राहूनच गेला. पुढे त्यातच लागणाऱ्या लहान फील्डच्या डोसिमेट्रीची, म्हणजे डोस मोजण्याची, एक कार्यशाळा होती. त्यासाठी लेखकाने रजा आणि फी मागितली, तेव्हा प्रशासनाच्या साहेबांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून पुढे सरकवला. ट्रेनिंग पूर्ण झाल्याचा तक्ता. सगळ्या विषयांपुढे टिक, स्टिरिओटॅक्टिकपुढेसुद्धा. खाली सही होती, पण फिजिसिस्टची नव्हे.

‘ट्रेनिंग झालं ना तुमचं? मग परत खर्च कशाला?’

इथे शिकणं म्हणजे फायलीला लावायचा कागद, हे लेखकाला तेव्हा कळलं. याच साहेबांनी डॉक्टरांच्या सीएमईच्या (सततच्या वैद्यकीय शिक्षणाच्या) रजा कधी अडवल्या नाहीत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरांना पाच वर्षांत 30 क्रेडिट दाखवावे लागतात ना! फिजिसिस्टच्या मागे तसा दट्ट्या नाही. 2021 च्या केंद्रीय कायद्याने त्याला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत बसवलं खरं, पण साहेबांच्या लेखी तो अजून ‘मशीनवाला’च.

हट्ट कशासाठी होता, तेही सांगायला हवं. रोज डोस मोजायला वापरतात त्या 0.6 सीसीच्या फार्मर चेंबरची पोकळी दोन सेंटिमीटरहून लांब असते. दोन बाय दोन सेंटिमीटरच्या फील्डमध्ये ती धरली, की रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येतं. त्या आकड्यावर प्लॅन केला, की पेशंटला डोस जास्त जातो. फ्रान्समधल्या तुलूझला 2006-07 मध्ये मोठं डिटेक्टर वापरल्यामुळे 145 पेशंटना असाच जादा डोस गेला. अमेरिकेत मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डला तर 2004 ची चूक 2009 पर्यंत कुणाच्या ध्यानात आली नाही. 76 पेशंटना जादा डोस गेला. ती सापडली कशी? तिथला दुसरा फिजिसिस्ट ट्रेनिंग घेऊन आला आणि त्याला जुने आकडे खटकले. साहेबांना हे सगळं लिहून दिलं होतं. ‘पाहतो’ म्हणाले.

नामपूरच्या मार्केटात शेतकरी ट्रॅक्टर लावण्याआधी वजनकाट्याचं पासिंग झालंय का, ते विचारतो. म्हणूनच लेखकाच्या वडिलांना चेंबरचं कॅलिब्रेशन एका वाक्यात समजलं होतं.

तेव्हा नव्यांनो, वर्षाकाठी किती रजा आणि किती फी, हे नेमणूकपत्रातच लिहून घ्या. तोंडी ‘बघू’ला काडीचा अर्थ नाही. ट्रेनिंगच्या तक्त्यावर स्वतः सही करा, जे शिकवलं नाही त्यापुढे ‘झाले नाही’ असं पेनाने लिहा आणि कागदाचा फोटो काढून ठेवा. नकार आला तर तो ईमेलवर मागा. एएमपीआयचं (भारतातल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेचं) सभासद व्हा, जमलं तर वार्षिक अधिवेशनाला जा. वाचत राहा, हे तर आलंच. फी भरायला कुणी तयार नसेल तर आयएईएचे (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे) अहवाल फुकट मिळतात: टीआरएस-398 ची 2024 ची सुधारित आवृत्ती आणि लहान फील्डसाठी 2017 चा टीआरएस-483. पण नुसतं वाचून भागत नाही. कार्यशाळेहून आलात, की तिथलं एक तरी मापन आपल्या मशीनवर करा आणि तारखेसह वहीत लिहा. उदाहरणार्थ, नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, इथे हवेच्या दाबाची दुरुस्तीच सुमारे सात टक्के येते. मुंबईत शिकलेला आकडा डोळे मिटून इथे चालत नाही.

आणि एक. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) आरएसओ म्हणून मान्यता त्या संस्थेपुरतीच असते. नोकरी बदलली, की नव्या जागी पुन्हा अर्ज. म्हणून राजीनाम्याआधी आपल्या सगळ्या प्रमाणपत्रांच्या प्रती घरी आणून ठेवा. प्रस्तुत लेखकाच्या मूळ प्रती अजून त्या ड्रॉवरमध्येच आहेत.