मंडळीच्या पुढाऱ्यांमधील वाद व त्यांचे निवारण

वाचनभाग : प्रे. कृत्ये ६:१-७, १५:१-४१

प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक आपण बहुधा सुवार्तेच्या प्रसाराचा इतिहास म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु वाचकहो, एकदा तेच पुस्तक केवळ त्यातील वादांवर बोट ठेवून वाचावे. लूकाने ते झाकलेले नाहीत. पहिल्या मंडळीच्या ऐक्याचे वर्णन भरभरून करणारा हा लेखक, त्याच मंडळीत कुरकुर कोणी केली आणि ती कशावरून झाली, हेही सरळपणे नोंदवतो. आपल्या वार्षिक अहवालांत असा सरळपणा क्वचितच आढळतो.

या पाठासाठी तीन प्रसंग घेतले आहेत. पहिला वाद व्यवहाराचा, दुसरा सिद्धांताचा आणि तिसरा दोन माणसांमधला. तिन्ही वेळा पुढारी निरनिराळ्या रीतीने वागले. आपल्याकडे घोटाळा होतो तो येथेच. हिशेबाचा प्रश्न विचारणाऱ्यास आपण अविश्वासू ठरवतो, आणि दोन वडिलांचे आपसातले वैर शास्त्रवचनांचा पेहराव करून सभेपुढे येते. वादाची जात ओळखली नाही, तर त्यावरचा उपायही चुकतो.

सहाव्या अध्यायातील तक्रार पाहा. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांची उपेक्षा होते, असे त्यांचे म्हणणे होते. विश्वास एक, पण भाषा दोन. त्यातून हा भेद उभा राहिला. ज्या मंडळ्यांत दोन भाषांची वा दोन गावांकडची कुटुंबे आहेत, त्यांना यावर भाष्याची गरज नाही. येथे एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून निसटते. विश्वासणारे आपल्या जमिनी विकून आणलेले पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवत असत (४:३५). म्हणजे ही कुरकुर वाढप्यांवर असली, तरी तिचा रोख अखेर बारा जणांच्याच कारभाराकडे जात होता. तरीही त्यांनी ती खोटी म्हटली नाही, ती प्रथम कोणी काढली याची चौकशी केली नाही आणि अशा वेळी प्रार्थना अधिक करावी असा उपदेशही केला नाही. सर्व शिष्यांना त्यांनी एकत्र बोलावले, माणसे कशी असावीत ते सांगितले आणि निवड मंडळीवर सोपवली. स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. ग्रीक नावे यहूद्यांतही असत, खुद्द बारा जणांतील अंद्रिया व फिलिप्प यांची नावे ग्रीकच होती. म्हणून केवळ नावांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण सातांपैकी सातही नावे तशी असावीत, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेले असे दिसते.

आता आपल्या पंचमंडळाकडे वळू. खजिनदाराला हिशेब विचारला की ‘माझ्यावर विश्वास नाही काय?’ असा प्रतिप्रश्न येतो आणि तेथेच चर्चा थांबते. वस्तुतः हिशेबतपासणी हा अविश्वासाचा ठराव नव्हे. प्रामाणिक माणसाला तिच्यासारखे दुसरे संरक्षण नाही. यरुशलेमेसाठी गोळा केलेला निधी पोहोचवताना पौलाने मंडळ्यांनी नेमलेली माणसे बरोबर घेतली. कोणाला दोष देण्यास जागा राहू नये, हे कारणही तो स्वतःच सांगतो (२ करिंथ ८:१९-२१). पौलाला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्या खजिनदारांना वाटू नये.

दुसरा प्रसंग इ.स. ४९ च्या सुमाराचा. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी काय, हा प्रश्न तारणाच्या मुळाशी भिडणारा होता. तो अंत्युखियातच दाबून टाकता आला असता. पण मंडळीने प्रतिनिधी पाठवले, यरुशलेमेत पुष्कळ वादविवाद झाला, पेत्र बोलला, बर्णबा व पौल यांनी आपला अनुभव सांगितला आणि शेवटी याकोबाने शास्त्राच्या आधारे आपले मत मांडले. निर्णय लेखी झाला. शिवाय ते पत्र केवळ वादातील एका बाजूच्या हाती दिले गेले नाही. यरुशलेमेतून यहूदा ऊर्फ बर्सबा आणि सीला यांना मुद्दाम सोबत धाडण्यात आले, म्हणजे लिहिलेले तेच तोंडीही कळावे. सभेचा वृत्तांत पुढच्या सभेत वाचून मंजूर करण्याची आपली रीत काहींना रटाळ वाटते. पण ती मोडली की सहा महिन्यांनी प्रत्येक वडिलाच्या आठवणीत निराळा ठराव उरतो.

तिसऱ्या प्रसंगाजवळ मात्र थोडे थांबले पाहिजे.

पौल आणि बर्णबा हे काल-परवाचे सोबती नव्हते. यरुशलेमेतील शिष्य शौलाला भीत होते, तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा बर्णबाच (९:२७). पुढे तार्सास जाऊन त्याला शोधून अंत्युखियास आणणाराही तोच (११:२५). अशा दोघांत दुसऱ्या प्रवासाच्या तोंडावर वाद झाला, तो योहान ऊर्फ मार्क याच्यावरून. मार्क पहिल्या प्रवासात पंफुल्यातून परत फिरला होता. पौलाला तो बरोबर नको होता आणि बर्णबाला हवा होता. लूकाने येथे ‘पारोक्सुस्मोस’ हा ग्रीक शब्द वापरला आहे. संतापाचा झटका, तीव्र चकमक असा त्याचा अर्थ. याच धातूचे क्रियापद पौलाने प्रीतीच्या अध्यायात योजले आहे. प्रीती अशी चिडत नाही, असे तेथे तो म्हणतो (१ करिंथ १३:५).

बरोबर कोण होते? लूक निकाल देत नाही. जाताना बंधुजनांनी पौलाला प्रभूच्या कृपेवर सोपवले, असे तो नोंदवतो. त्यावरून मंडळीचा कल पौलाकडे होता असे काही भाष्यकार मानतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, असे मला वाटते. पौल कामाचा विचार करत होता, बर्णबा माणसाचा. पण एक तपशील लूक देत नाही आणि पौल देतो : मार्क हा बर्णबाचा भाऊबंद होता (कलस्सै ४:१०). बर्णबाच्या हेतूवर संशय घेण्याचे काहीच कारण नाही. तरीही नात्यातल्या माणसाच्या नेमणुकीचा प्रश्न आला की उत्तम माणसाच्या बोलण्यालाही दुसरा वास येऊ लागतो. आपल्या संस्थांच्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांतील किती भांडणे पुतण्या, जावई आणि मेव्हणे यांच्या नेमणुकांपाशी सुरू झाली, ते वाचकांनीच आठवावे. नातेवाइकाचा विषय निघाला की त्या सभासदाने बैठकीतून उठून बाहेर जावे, एवढा एक नियम घटनेत असला तरी पुष्कळ कटुता टळते.

यातही अनुकरणीय असे काही आहे. दोघे विभक्त झाले, पण त्यांनी अंत्युखियाची मंडळी विभागली नाही. पौलाचा पक्ष आणि बर्णबाचा पक्ष अशा दोन उपासना तेथे सुरू झाल्याचे लूक कोठेही लिहीत नाही. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला, तो त्याचा मूळचा देश. पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकिया प्रांतांतून गेला, तो त्याचा मुलूख. एकत्र काम करणे अशक्य झाले, तर कार्यक्षेत्र वाटून घ्यावे; लोक वाटून घेऊ नयेत.

लोक वाटले गेले म्हणजे काय होते, हे केरळातील मलंकरा मंडळीच्या इतिहासात दिसते. तेथील ऑर्थोडॉक्स व याकोबी पक्षांचा वाद विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आला. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल १९५८, १९९५ आणि पुन्हा ३ जुलै २०१७ रोजी झाले. शेवटच्या निकालात १९३४ ची मंडळीची घटना बंधनकारक ठरली. निकाल लागला, पण मने जुळली नाहीत. अखेर मृताला पूर्वजांच्या दफनभूमीत पुरता यावे म्हणून २०२० साली केरळात स्वतंत्र कायदा करावा लागला. पौल करिंथकरांना खटल्यांविषयी का बोलला (१ करिंथ ६:१-८), हे समजण्यास एवढे पुरे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या विश्वस्तांत बदल झाला, तर तो ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो (१९५० चा अधिनियम, कलम २२). निवडणूक नियमाप्रमाणे झाली नसेल, सभेची सूचना सर्वांना पोहोचली नसेल, तर त्या अर्जावर हरकत येते आणि प्रकरण रेंगाळते. दरम्यान पाळकाच्या वेतनाच्या धनादेशावर सही कोणी करायची, यावरून नवे भांडण उभे राहते. पदाची मुदत, मतदारांची यादी, सूचनेचे दिवस या गोष्टी शांततेच्या काळात ठरवाव्यात; वाद पेटल्यावर केलेला प्रत्येक नियम कोणाच्या तरी विरुद्ध केलेला वाटतो.

प्रभूने मत्तय १८:१५ मध्ये घालून दिलेली पहिली पायरी आपण बहुधा गाळतोच. बंधूला एकांतात गाठून बोलण्याऐवजी पत्रक निघते किंवा मोबाइलवरच्या गटात मजकूर फिरतो, आणि त्यानंतर एकांतातल्या भेटीला अर्थ उरत नाही. मात्र या वचनाचा आडोसा करून गैरकृत्ये झाकली जाऊ नयेत. निधीचा अपहार किंवा लेकरांवरचा अत्याचार हा ‘बंधूंमधील मतभेद’ नव्हे. वडिलाविरुद्धचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून घेऊ नये असे पौल सांगतो. पण पाप करणाऱ्याला सर्वांदेखत दोष द्यावा आणि पक्षपात करू नये, असेही तो लगेच लिहितो (१ तीमथ्य ५:१९-२१). पहिले वाक्य पुढाऱ्यांना पाठ असते. आणि लेकरांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांस देणे हे तर २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये प्रत्येकाचे कर्तव्यच आहे. तेथे समेटाची बैठक बोलावण्याचा अधिकार पंचमंडळाला नाही.

राहता राहिला मार्क. पौल तुरुंगात असताना मार्क त्याच्याजवळ असल्याचे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात दिसते, आणि तो तुमच्याकडे आला तर त्याचा स्वीकार करा, असे पौल त्यांना सांगतो. फिलेमोनाच्या पत्रात मार्काचे नाव सहकाऱ्यांमध्ये आहे. शेवटच्या पत्रात पौल तीमथ्याला काही निरोप देतो : त्रोवसात राहिलेला झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे आण, आणि मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११-१३). हा समेट केव्हा झाला, कोणी घडवून आणला, ते नव्या करारात कोठेच लिहिलेले नाही. मधल्या वर्षांत मार्काला बरोबर घेऊन कामास लावणारा बर्णबा होता, एवढे मात्र लिहिलेले आहे.